सलामेचा मुजिब

सलामेला मी पहिल्यांदा पाहिलं ते मान वर करून. तो टेलिफोनच्या खांबावर होता आणि मी खाली रस्त्यावर, राजाच्या वेशात. आमच्या नाटक कंपनीचा ट्रक मुजिबच्या खोल दरीच्या तळाशी इंजिन उकळून बंद पडला होता. संध्याकाळी दरीपलीकडच्या करक गावी प्रयोग. उशीर होऊ नये म्हणून आम्ही आमच्या मादबा गावाहूनच तोंडं रंगवून, कपडे चढवून निघालो होतो, आणि त्या उन्हात माझी चिकटवलेली दाढी गालावरून घसरत होती.

खांबावरच्या माणसाने आमच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ओरडला, "महाराज, सैन्य कुठं राहिलं?"

"ट्रक ढकलतंय," मी म्हणालो.

"ढकलू नका. या चढाला ढकललेलं आवडत नाही. सावलीत बसा. ऊन उतरलं की इंजिन आपसूक शहाणं होईल."

त्याने वरूनच तारेला आपला फोन जोडला आणि करकच्या पोस्टात निरोप दिला, की राजाला दोन तास उशीर होतोय, लोकांना बसवून ठेवा. मग खाली उतरला, तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकलं, सायकलवर टांग मारली आणि ज्या चढापुढे आमचा ट्रक हरला होता तो चढ आमच्या डोळ्यांदेखत चढून गेला. मधे थांबला नाही, उतरला नाही. आमच्यातली एक नटी पदराने वारा घेत म्हणाली, "खरा राजा तो दिसतोय." तिचं ते वाक्य मी पंचेचाळीस वर्षांत विसरलेलो नाही. प्रयोग रंगला, पण टाळ्या घेताना मला सारखा तो चढणारा माणूस दिसत होता.

सलामे टेलिफोन खात्यात तारा जोडणारा होता. मादबापासून करकपर्यंतचे खांब त्याचे. वादळात तार तुटली, मेंढपाळांच्या पोरांनी खांबांवरचे चिनी मातीचे लट्टू दगड मारून फोडले, की सलामेने सायकल काढायची. खात्याची गाडी होती, पण ती साहेबांना लागे. त्यामुळे मुजिबची दरी त्याने किती वेळा ओलांडली याची त्यालाही मोजदाद नव्हती. रस्ता धिबान गावाच्या कड्यावरून वळसे घेत खाली धरणापर्यंत उतरतो आणि समोरच्या भिंतीवर तितकेच वळसे घेत वर चढतो. उन्हाळ्यात ती भट्टी असते. झाड नाही, आडोसा नाही. दुपारी सावली हवी असेल तर रस्त्याखालच्या पाण्याच्या नळकांड्यात शिरून आडवं व्हायचं. हे आम्हा सगळ्यांना त्यानेच शिकवलं.

तारा जमिनीखाली गेल्या, पुढे हवेतच विरल्या, आणि सलामे निवृत्त झाला. तेव्हा त्याने दरवर्षीची सायकल सफर सुरू केली. ईस्टरनंतरच्या सोमवारी निघायचं, मादबा ते अकबा, पाच दिवस. पहिल्या वर्षी चौघे होते. पुढे कधी दहा, कधी पंधरा. कुणी मास्तर, कुणी शिंपी, अम्मानहून येणारी एखादी बँकेतली मंडळी. माझे गुडघे नाटकातल्या युद्धांतच कामी आले होते, म्हणून मी मागून पिकअप चालवायचो. पाण्याची पिंपं, टायर, पंप आणि माझी बडबड, एवढा त्यात माल.

सलामेचे नियम ठरलेले होते. झुंजुमुंजूला निघायचं. अकराला थांबायचं, चारला पुन्हा निघायचं. डोक्यावरचा रुमाल ओला ठेवायचा. गार पाणी ढोसायचं नाही, घोट घोट कोमट प्यायचं. चढ लागायच्या आधी प्रत्येकाच्या तळहातावर तो जमीदचा एक खडा ठेवायचा. मेंढीच्या दह्याचा वाळवलेला, दगडासारखा टणक, खारट खडा. तो गालात धरून चढायचं. "घामातून मीठ जातं ना, ते इथून परत," तो म्हणायचा. "आणि चढाला शिव्या देऊ नका. त्याला ऐकू येतं." जमीद त्याची बायको घरी करायची. ती गेल्यावर तो बाजारातला आणू लागला, पण देताना दरवर्षी म्हणायचा, "हा तसा नाही."

ती गेली त्या वर्षी मुलगा, गत्तास, कॅनडाहून त्याला न्यायला आला. स्वयंपाकघरात बाप-लेकाची जुंपली. मी दारात उभा होतो.

"बाबा, एकटे कसे राहाल?"

"एकटा कुठं? उस्ताद आहे." उस्ताद म्हणजे मी. गावाने दिलेलं नाव, सलामे ते नेहमी थोडं चिडवूनच उच्चारायचा.

"उस्तादअम्मोंना स्वतःचं जेवण गरम करता येत नाही." अम्मो म्हणजे काका; गावातली तरुण मंडळी आम्हा दोघांनाही तसंच म्हणायची.

"खरं आहे," मी म्हणालो.

"बरं, ऐक," सलामे म्हणाला. "ज्या वर्षी मला मुजिब चढता येणार नाही, त्या वर्षी मी तुझ्याकडे येईन. कायमचा. तोवर विषय काढायचा नाही."

गत्तास हसला आणि त्याने हात पुढे केला. तेव्हापासून दर वसंतात, सफरीच्या दुसऱ्या दिवशी, मुजिब ओलांडून आम्ही करकला पोहोचलो की त्याचा फोन यायचा. एकच प्रश्न. "बाबा, चढलात?" "चढलो." मग हवापाण्याच्या गप्पा. असा सात वर्षं तो मादबात राहिला. आपलं घर, आपलं अंजिराचं झाड, चर्चच्या पायरीवरची आपली जागा, सगळं त्या एका चढाला टांगलेलं.

सातव्या वर्षी चढताना तो दोनदा थांबला. बाटलीचं झाकण नीट बसत नाही, म्हणाला. आम्ही सगळ्यांनी मिळून झाकणाला नावं ठेवली.

आठव्या वर्षी तो एकाहत्तरचा होता.

त्या सोमवारी पहाटेच आभाळ पिवळं होतं. वाळवंटाकडून खमासीन सुटला होता, तो गरम, धुळीचा वारा, जो तीन दिवस वाहतो आणि माणसाच्या दातांत वाळू ठेवून जातो. रुदैना, आमच्यातली परिचारिका, सायकल धरून उभी होती. ती म्हणाली, "अम्मो, दोन दिवस थांबूया का?"

"वाऱ्याला विचारून निघायला आपण काय पतंग आहोत?" सलामे म्हणाला, आणि पुढे झाला. मागे अकराजण निघाले.

त्यांत मुथन्ना नावाचा गणिताचा मास्तर होता. पहिल्यांदाच आलेला, पोटाने भारी. वाला नदीच्या चढावर, म्हणजे मुजिबच्या आधीच्या छोट्या चढावर, तो दर वळणाला विचारायचा, "अम्मो, अजून किती?"

"तू गणिताचा ना? मग भागाकार कर, रडू नकोस."

"भागाकार केला. बाकी मीच उरतोय."

सगळे हसले. सलामेही हसला, पण उशिरा. कुणीतरी दुरून हाक मारावी आणि ती पोहोचायला वेळ लागावा, तसा. डांबर मऊ झालं होतं, टायर त्यातून चर्र आवाज करत सुटत होते. मी मागून पाहत होतो. सलामेची सायकल सरळ जात नव्हती. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी चालली होती. मग ती थांबली. तो उतरला, सायकल हळूच आडवी ठेवली, नळकांड्यात जाऊन बसला आणि मी वाकून आत पाहिलं तर मला म्हणाला, "चढ खांबावर. करकची लाइन मेली आहे. आणि उम्म गत्तासला सांग, जेवायला थांबू नको."

उम्म गत्तास म्हणजे गत्तासची आई, त्याची बायको. तिला जाऊन आठ वर्षं झाली होती.

रुदैनाने त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं होतं. तापलेल्या तव्यासारखं, आणि घामाचा थेंब नाही. तिने पिंपातलं सगळं पाणी मागवलं. चादरी ओल्या करून त्याला गुंडाळलं, टोप्यांनी वारा घातला.  तासाभराने तो माणसांत आला आणि म्हणाला, "काय तोंडं करून बसलात? अंत्ययात्रा आहे का?" त्याला काही आठवत नव्हतं. चार वाजता उठून तो सायकलवर बसला आणि धिबानपर्यंतचा उरलेला रस्ता त्याने संथपणे, पण स्वतःच्या पायांवर कापला.

धिबानला आम्ही जैतुनाच्या बागेत उतरायचो. रुदैना माझ्या पिकअपपाशी आली.

"उस्ताद, घाम थांबला होता त्यांचा. असं एकदा झालं की शरीर दुसऱ्या दिवशी उन्हाशी भांडूच शकत नाही. उद्याही हाच वारा आहे. ते मुजिब चढायला लागले, तर वर आपण त्यांना उचलून नेऊ. आणि ते श्वास घेत असतील असं मी सांगू शकत नाही."

"त्याला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, पोरी, इस्पितळात तू सांगत जा, इथं मी सांगतो."

मी सूर्य टेकेपर्यंत विचार करत बसलो. सलामेला अडवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. त्याच्या बायकोलाही नाही. एकच वाट मला दिसत होती आणि ती महाग पडणारी होती.

रोज संध्याकाळी कॉफी सलामेच करायचा. दाणे भाजायचा, लाकडी खलात ठेका धरून कुटायचा, मग डाव्या हातात दल्ला, म्हणजे चोचीची कॉफीची किटली, आणि उजव्या हातात कप घेऊन उभ्यानेच प्रत्येकाला द्यायचा. जिथे त्याचा दल्ला निखाऱ्यावर, तिथे तो यजमान आणि आपण पाहुणे. माझ्यापुढे कप आला. मी घेतला, आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला.

ठेका थांबावा तसं सगळं थांबलं. आमच्याकडे कप असा खाली ठेवला की त्याला एकच अर्थ असतो. मागणं आहे, आणि ते पुरं झाल्याशिवाय तुझ्या घरची कॉफी माझ्या घशाखाली उतरणार नाही. मुलगी मागायला जातात तेव्हा ठेवतात. खुनाची माफी मागायला जातात तेव्हा ठेवतात. गत्तासची सोयरीक जुळवताना मीच ठेवला होता. मुथन्नाने हातातला खजूर तोंडाशी नेता नेता तसाच धरला.

"उस्ताद," सलामे म्हणाला, "नाटक करू नकोस. पी."

"आधी मागणं."

"माझ्याकडे मागण्यासारखं काय आहे? मुलगी नाही. कुणाचं रक्त सांडलं नाही. पिकअप तर तुझाच आहे."

मी हललो नाही. अकरा माणसं बघत होती. अशा वेळी यजमानाने काय म्हणायचं ते ठरलेलं असतं, आणि काय मागितलं जाणार हे माहीत असो नसो, अब्रूदार माणूस तेच म्हणतो. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, असं मला आजही वाटतं. तरीही तो म्हणाला, "पी. जे मागायला आलास ते तुझं."

मी कप उचलून प्यायलो. आणि मग माझं वाक्य म्हणालो.

हे वाक्य मी पिकअपमध्ये बसून तयार केलं होतं. तोंडातल्या तोंडात दहा वेळा म्हटलं होतं. "उद्या सायकलवर बसू नकोस, सलामे. पुढच्या मार्चात, गारव्यात, आपण दोघं येऊ, आणि तू चढशील." असं ते होतं. पण निखाऱ्यांच्या उजेडात त्याचा चेहरा समोर आला, ते सुजलेले डोळे, आणि मी रंगमंचावरच्या पंचेचाळीस वर्षांत जे कधी केलं नाही ते केलं. सुरुवात गाळली.

"सायकलवर बसू नकोस, सलामे."

त्याने माझ्या हातातून कप घेतला, पुसला, पुढच्यासाठी भरला. "दिलं," म्हणाला. आणि पाठ फिरवली. मार्चाचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

पहाटे मला थंडीने जाग आली. वारा फिरला होता. पश्चिमेकडून, समुद्राकडून ओला वारा येत होता, पिवळं आभाळ धुऊन निघालं होतं आणि जैतुनाच्या पानांवर दंव होतं. रुदैना अंगात जाकीट घालून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. असा दिवस मुजिबला एप्रिलात दहा वर्षांतून एकदा मिळतो.

सलामे पिकअपमध्ये आधीच बसला होता. त्याची सायकल मागे दोरीने बांधलेली, गाठी पक्क्या. त्याच्याच हातच्या.

आम्ही वळसे उतरून धरणापाशी आलो. बाकीचे सायकली उभ्या करून रुमाल ओले करत होते. मी इंजिन बंद केलं.

"सलामे, उतर. दोर सोडतो."

"कशाला?"

"गारवा आहे. चढ. मी तुला मोकळं करतो. मला फक्त आजच्यापुरतं म्हणायचं होतं. ऊन होतं म्हणून."

"तू 'उद्या' म्हणाला नाहीस."

"विसरलो."

"पंचेचाळीस वर्षं तुझी नाटकं पाहतोय," तो म्हणाला. "तुझा मुकुट पडलेला पाहिला, तलवार मोडलेली पाहिली. शब्द विसरलेला कधी पाहिला नाही."

"मग काल पाहिलास. म्हातारा झालोय मी."

"सगळ्यांसमोर मागितलंस. सगळ्यांसमोर दिलं. थुंकलेलं गिळायचं का मी आता?"

"मागणाराच परत देतोय ना!"

"दिलेलं परत मिळतं तो बाजार, उस्ताद." त्याने काच खाली केली आणि बाहेर हात काढला. तळहातावर जमीदचे खडे होते. एकेकजण येऊन घेऊन गेला. एकही नजर त्याच्या नजरेला भिडत नव्हती. मुथन्ना शेवटी आला.

"अम्मो, मला नाही जमणार."

"बसूनच चढ. उभा राहू नकोस. पुढच्याच्या मागच्या चाकाकडे बघ, वर बघू नकोस."

मग तासभर मी पिकअप पहिल्या गियरमध्ये चालवत होतो आणि सलामे खिडकीतून ओरडत होता. "श्वास सोड, मास्तर, धरून ठेवू नकोस! तुझ्या बापाचा आहे का तो?" त्याचा आवाज खणखणीत होता. मधेच माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. ते हलत होते. चालत्या गाडीत, चटईवर, डावा, उजवा, डावा, उजवा. मी पुन्हा तिकडे बघितलं नाही.

मुथन्ना वर पोहोचला तेव्हा लहान मुलासारखा रडला. येऊन त्याने सलामेच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "शाबास," सलामे म्हणाला. "आता उतार आहे. माणसं उतारावर मरतात. जपून."

करकला फोन आला. सलामेने तो माझ्यासमोरच घेतला.

"बाबा, चढलात?"

"नाही."

 मग, "बरं नाही का?"

"बरा आहे. शब्द दिला होता. सायकलवर न बसण्याचा."

"कुणाला?"

"उस्तादला."

एक शब्द मुलाला, एक मला, आणि दोन शब्दांच्या चिमटीत हा माणूस. मी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. "गत्तास, बाळा, चूक माझी आहे. आज गार होतं, तो हसत चढला असता. हे वर्ष धरू नकोस."

"उस्तादअम्मो," गत्तास म्हणाला, "देवाने तुमच्या तोंडून काढलं. आई गेल्यापासून मी याच फोनची वाट बघतोय. तुमचे उपकार कसे फेडू?"

मी फोन सलामेच्या हातात परत दिला.

उन्हाळाभर मी सगळं करून पाहिलं. फादरकडेसुद्धा गेलो. म्हटलं, शब्दातून सोडवायचा काही विधी असेल तर करा. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला. "शिब्ली," ते मला माझ्या खऱ्या नावाने म्हणाले, "मी पापातून सोडवू शकतो. कॉफीतून नाही." सलामेला सांगितलं तर तो पोट धरून हसला. त्यानंतर त्याला तसं हसताना मी पाहिलं नाही.

तो रडला नाही, भांडला नाही. घर भाचीच्या हवाली केलं. सायकल मुथन्नाला दिली. एका इटालियन पाद्र्याने मायदेशी जाताना त्याच्यापाशी ठेवलेली, बारा गियरची. ती द्यायच्या आदल्या दिवशी त्याने अंगणात तिला धुतलं, साखळीला तेल दिलं, आणि हातात धरून चालवत मुथन्नाच्या दारापर्यंत नेली. अडीच किलोमीटर. एका पोराने विचारलं, "अम्मो, पंक्चर का?" तो म्हणाला, "हो."

सप्टेंबरात तो कॅनडाला गेला. विमानतळावर त्या उकाड्यातही त्याच्या अंगात गत्तासने पाठवलेला लोकरीचा कोट होता. मी त्याच्या गालाला गाल लावला. "सलामे, माझ्यावर राग आहे?" मी विचारलं.

"तू मला वाचवलंस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या ईस्टरनंतर सफर निघाली. अम्मानहून एक भाड्याचा वाटाड्या आणला होता. चांगला मुलगा, हातात यंत्र, त्यात सगळे चढ आलेखासारखे दिसत. तो नऊला निघाला, अकराला थांबला नाही. जमीद कुणी आणला नव्हता. मुजिबच्या तळाशी दोघांना उलट्या झाल्या आणि वाटाड्याने फोन करून ट्रक मागवला. सगळ्यांच्या सायकली त्यात चढवल्या. मुथन्ना जरा वेळ आपली धरून उभा होता. मग त्यानेही वर दिली. त्यानंतर एकही सफर निघालेली नाही.

मी सलामेला फोनवर सांगितलं. सांगायला नको होतं, पण त्याने विचारलं, आणि त्याच्याशी खोटं बोलायला मला कधी जमलं नाही.

"सगळेच ट्रकमध्ये?"

"सगळेच."

"मास्तरसुद्धा?"

"हो."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"इथे सगळं सपाट आहे, उस्ताद," तो म्हणाला. "खिडकीतून दिसतं तिथवर सपाट. आणि बर्फ. गत्तास म्हणतो, उन्हाळ्यात सायकलला फार छान. पोराने नवीन आणून ठेवली आहे. त्याला किती वेळा समजावलं."

"मग दिवसभर काय करतोस?"

"बसतो." मग, "बरं, ठेवतो. जेवायला हाक मारतायत. इथे पाचला जेवतात."